गोदूआत्याची मागणी

गोदूआत्या कुणालाही "कसा आहेस?" असं विचारत नसे. ती विचारायची, "दम कसा हाय?"

तापातून उठलेल्याला तेच, बाळंतिणीला तेच, नव्यानं रुजू झालेल्या तलाठ्यालाही तेच. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझे होणारे सासरे घर बघायला आले. माणगावकडचे भातशेतीवाले, फार गंभीर गृहस्थ. ते ओटीवर टेकतात न टेकतात तोच आत्या शेजारच्या वाडीतून आली, त्यांना पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "दम कसा हाय?" सासऱ्यांना वाटलं, या बाईंना झाडपाल्याचं औषध ठाऊक असावं. त्यांनी थंडीत होणाऱ्या खोकल्याची हकिगत सविस्तर सांगितली. आत्यानं सगळी ऐकून घेतली आणि माझ्याकडं वळून निकाल दिला, "मानूस बरा हाय. पन घोटे बारीक हायेत. पोरीचे बघून घे."

त्या काळात मुलीचा चेहराच कसाबसा दिसायचा, घोटे कुठले दिसायला! मी नशिबावर हवाला ठेवून होकार दिला.

हे सगळं हुतूतूपायी. पुढं त्याला सगळीकडं कबड्डी म्हणायला लागले, नियम छापून आले, तरी आत्याच्या तोंडी हुतूतूच राहिलं. आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीपलीकडं, काशीदच्या वाटेवर. नारळी-पोफळीच्या वाड्या, मागं डोंगर, पुढं समुद्र आणि मध्ये जेवढी म्हणून सपाट जमीन असेल तिच्यावर हुतूतू. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. तिची वाडी आमच्या वाडीला लागून होती. मधे कुंपण होतं, पण आत्याला ते कधी दिसलं नाही. तिचे यजमान गलबतावर असत. मुलगा महादेव पाळण्यात असतानाच ते तापानं गेले. तेव्हापासून वाडीचं शिंपणं, नारळ उतरवून घेणं, सुपारी सोलणं, सगळं तिनंच केलं.

गावातल्या बायका सामने बघायच्या त्या लांब बांधावर उभ्या राहून, पदर दातात धरून. आत्या घरून पाट आणायची आणि थेट रेषेशी मांडून बसायची. पहिल्या वर्षी पंच म्हणाला, "बाई, मागं व्हा." आत्या म्हणाली, "मी कशाला? रेषा तुला दिसत न्हाय, तू पुढं ये." पुढच्या वर्षापासून तो पंच आपणहून पाटाला जागा सोडून रेषा आखू लागला.

सगळं गाव तिनं त्या खेळातच बसवून टाकलं होतं. तलाठी म्हणजे रेषेला पाय न लावता परत जाणारा गडी. सरपंच म्हणजे नुसताच ओरडणारा. मी गावच्या शाळेत मास्तर होतो, तर माझ्याबद्दल ती म्हणायची, "ह्यो राखीव गडी. पगार मिळतो न् अंगाला माती लागत न्हाय."

माती लावून घ्यायचा प्रयत्न मी एकदा केला होता, तेही सांगून टाकतो. एका वर्षी गावच्या संघात माणूस कमी पडला आणि मला उतरवलं. मी तोंडानं हुतूतू करत चढाईला गेलो. समोरच्या पोरांनी मला धरलंच नाही. दोन्ही बाजूंना सरकून अदबीनं वाट करून दिली. बहुतेक माझे जुने विद्यार्थी असावेत. मी त्या वेगात पलीकडच्या रेषेबाहेर गेलो आणि बाद झालो. पाटावरून आत्याचा आवाज आला, "ह्याला धरायची गरज न्हाय. सोडला की आपला आपन बाद व्हतो."

तर स्पर्धा असायची शिमग्याच्या आधी, भात काढून मोकळ्या झालेल्या शेतात. आसपासच्या गावांचे संघ यायचे. पण गावाचा जीव अडकलेला असायचा तो स्पर्धेला येणाऱ्या मुंबईकरांत. गिरणीची माणसं यायची, गोदीची यायची, रेल्वेची यायची. या सगळ्यांचे आपापले संघ होते आणि त्यांना गडी लागायचे. चांगला पोरगा दिसला की उचलायचे. संघात घ्यायचा म्हणजे नोकरी द्यायची, निदान बदली कामगार म्हणून तरी. ज्या पोराला मॅट्रिकची पायरी दिसलेली नाही, त्याला मुंबईत शिरायला आमच्याकडं तेवढा एकच दरवाजा होता.

साहेब लोक येऊन निवड करायचे. त्याच्या आदल्या दुपारी आम्ही ती करून मोकळे झालेलो असायचो. आत्याच्या पडवीत. आमच्या या निवडीला आम्ही मागणी म्हणायचो. लग्नाला मुलगी मागतात, तशी.

पद्धत अशी. प्रत्येकाकडं मुंबईचा एकेक संघ असायचा. गिरणी आत्याची. गोदी रहिमभाईची, कारण त्याची खाडीवर होडी होती आणि पाण्याशी संबंध असलेलं सगळं आपलं असं तो धरून चालायचा. रेल्वे धोंडूमामाकडं. हे आमचे शेजारी, नारळ उतरवण्यात पटाईत, आयुष्यात कधी आगगाडीत बसलेले नाहीत. उरली बँक, ती मला. आता बँकेला मॅट्रिक झालेला गडी लागायचा. आमच्या किनाऱ्यावर मॅट्रिक झालेला मी एकटा होतो आणि माझा खेळ तुम्ही वर वाचलाच आहे. त्यामुळं बाकीच्यांचे संघ भरत आले की उरलेला कोणी तरी दयाबुद्धीनं माझ्या गळ्यात मारायचे.

आणि गडी म्हणजे काय, तर आत्याच्या स्वयंपाकघरातली भांडी. लिहून ठेवणं तिला पसंत नव्हतं. ती आतून एकेक वस्तू आणून पडवीत मांडायची. डोंगराकडच्या पाड्यातला बंड्या म्हणजे वरवंटा. एकदा बसला की हलायचा नाही. उंच, वाकून स्पर्श करणारा विठू म्हणजे पळी. एक पोरगा दिसायला दणकट, पण चढाईत अर्ध्यावर दम सुटायचा. तो झारा. मग आम्ही पाळीपाळीनं मागायचो. पहिली पाळी कुणाची हे आत्या ठरवायची आणि बहुधा ती तिचीच निघायची.

"गिरनीला वरवंटा," ती म्हणायची आणि वरवंटा ओढून आपल्या पाटाशी घ्यायची.

"दर वर्षी वरवंटा तुलाच कसा गो?" रहिमभाई कुरकुरायचा.

"माज्या घरचा हाय म्हनून. तुज्या घरी मांड मागनी. तुजी बायको घेते का बघू उंबऱ्याच्या आत."

"बरं, गोदीला पळी."

"घे. पन डावा गुडघा बघून घे तिचा. गेल्या साली जेट्टीवर आपटलाय."

पळीचा डावा गुडघा बघत रहिमभाई विचारात पडायचा. कोणी परका माणूस तेव्हा पडवीवरून गेला असता तर त्याला आम्हा सगळ्यांविषयी काळजी वाटली असती.

त्यात एक अडचण होती. मागणी सुरू असताना घरात चूल पेटत नसे, कारण पळी गोदीत, उलथणं रेल्वेत आणि लाटणं कुणाकडं जावं याचा वाद चाललेला. एकदा भुकेनं कावलेला महादेव आतून आला आणि न विचारता माझ्या पुढ्यातला झारा उचलून आत जायला लागला. आत्या कडाडली, "ठेव खाली! बँकंचा हाय त्यो." त्या दिवशी घरात भजी तळायची राहिली, पण माझ्या बँकेची अब्रू राहिली.

मागणीला एकच नियम होता आणि तो आत्यानंच घातलेला. आपल्या घरचा गडी आपण मागायचा नाही. दुसऱ्यानं मागावा. आपल्या तोंडानं आपल्या पोराचं कौतुक केलं की त्याला दृष्ट लागते, हे तिचं ठाम मत. बाकी कशालाच न भिणारी ही बाई दृष्टीला मात्र भ्यायची. महादेवच्या खेळाविषयी तिच्या तोंडून कधी बरा शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही. "त्यो व्हय? पडून ऱ्हातो मातीत," एवढंच.

महादेव डाव्या कोपऱ्यात खेळायचा. अबोल पोरगा. चढाई करणारा त्याच्याजवळून गेला की हा वाकायचा, घोट्याला हात घालायचा आणि मग जगबुडी आली तरी सोडायचा नाही. तो पहिल्यांदा गावच्या मोठ्या संघात आला, त्या वर्षी आत्यानं मागणीत त्याच्यासाठी खवणी मांडली. नारळ खवायची, दातेरी पात्याची. मांडताना तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, सगळ्यांत मागं सरकवून ठेवली.

पहिली फेरी झाली, दुसरी झाली. आत्या खाली मान घालून सुपारी कातरत होती. तिसऱ्या फेरीत धोंडूमामा म्हणाले, "चला, रेल्वेला खवणी."

आत्यानं अडकित्ता खाली ठेवला. उठली. पडवीतली सगळी भांडी गोळा केली, ज्याचं होतं त्याच्या पुढ्यातून हिसकली आणि आत निघून गेली. चहा आलाच नाही. धोंडूमामाला तर पुढं कितीतरी दिवस तिच्या घरी पाणीसुद्धा मिळालं नाही. नारळ उतरवायला आले की ती झाडाकडं बोट दाखवायची आणि तोंड फिरवायची.

आम्ही घरी जाताना बोललो.

"एकुलता एक हाय," धोंडूमामा म्हणाले. "नवरा गेला, आता पोरगा मुंबईला गेला तर ती कुनाकडं बघंल? चुकलंच माझं."

"मागायलाच नको होता," रहिमभाई म्हणाला.

मी शिकलेला असल्यानं मला यात आईच्या मनाचा खोल प्रश्न दिसला आणि तो मी दोघांना समजावून सांगितला. आमचं ठरलं: पुन्हा महादेवचं नाव घ्यायचं नाही. त्या वर्षी साहेबांनीही त्याला उचललं नाही. नवखा होता.

नंतरच्या पावसाळ्यात खाडीचा बांध फुटला. खारं पाणी आत्याच्या वाडीत शिरलं आणि उतरलं तेव्हा जमिनीवर पांढरा थर ठेवून गेलं. पोफळी शेंड्याकडून पिवळ्या पडत पडत वाळल्या. नारळ तगले, पण त्यांनी धरायचं थांबवलं. ती विहीर उपसून गोडं पाणी शिंपत राहिली. माणसं विचारायला गेली की म्हणायची, "जमिनीचा दम गेलाय जरा. येईल." पण येत नव्हता. महादेव दुसऱ्यांच्या वाड्यांत मजुरीला जाऊ लागला. त्या घरात दोघांचं पोट त्या वाडीवर भरायचे दिवस संपले होते. हे सगळ्यांना दिसत होतं आणि तरीही आम्ही तिघं आमच्या ठरावाला धरून राहिलो. उपाशी राहील पण मुलाला दूर करणार नाही, अशी आमची तिच्याविषयी फार थोर समजूत होती.

पुढच्या स्पर्धेला गिरणीच्या संघाचे एक साहेब एक दिवस आधीच आले. कोट घातलेले, गोरेगोमटे, माशांचे शौकीन. त्यांचं जेवण आत्याकडं ठेवलं होतं. जेवून ते पडवीत आले तो भांडी मांडलेली. काय चाललंय ते कळल्यावर साहेब खुळ्यासारखे हसले आणि मग पाट ओढून बसलेच.

"मी नुसता बघतो. तुम्ही चालू द्या," ते म्हणाले.

नुसतं कसलं बघतायत! वरवंटा कोण, पळी कोण, कुणाच्या गुडघ्याला काय झालं, सगळं विचारत राहिले. "तुम्ही रोज बघता या पोरांना. आमचं काय, दोन सामने बघायचे आणि उडी मारायची," असं म्हणालेसुद्धा. फेऱ्या होत गेल्या. पळी गेली, उलथणं गेलं, लाटणं गेलं. आत्याची सुपारी कातरून संपली तरी तिचा अडकित्ता चालूच होता. माझी पाळी आली. पुढ्यात दोनच वस्तू राहिल्या होत्या, झारा आणि खवणी. मी धोंडूमामाकडं बघितलं. धोंडूमामांनी रहिमभाईकडं बघितलं. आणि मी म्हणालो, "बँकेला झारा."

"आणि ही खवणी कोण?" साहेबांनी विचारलं.

"त्याचं राहू द्या," धोंडूमामा घाईघाईनं म्हणाले.

आत्यानं खवणी उचलली आणि आत नेली. जाताना तिनं ती छातीशी धरली होती. आम्हाला वाटलं, किती बरं वाटलं असेल तिला! आम्ही एकमेकांकडं समाधानानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी महादेव जसा खेळला तसा मी त्याला कधी खेळताना पाहिला नाही. त्याला आदल्या दिवशीचं कळलं होतं. झारा मागितला आणि त्याला नाही, हे गावभर झालं होतं. कोणाशी न बोलता तो कोपऱ्यात वाकून उभा राहायचा आणि जो जवळून जाईल त्याचा घोटा धरायचा. एका गड्याला त्यानं पार मधल्या रेषेपासून मागं ओढून आणला. लोकांनी टोप्या उडवल्या. आत्या पाटावर होती, पण त्या दिवशी ती एकदाही ओरडली नाही.

संध्याकाळी उन्हं कलताना साहेब आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या डाव्या कोपऱ्याला काही दुखणं आहे का हो?"

"छे! दुखणं कसलं?" मी म्हणालो.

"मग व्यसन?"

"सुपारीसुद्धा खात नाही."

"मग काल एकानंही का मागितला नाही? तुम्ही तर तो गळका झारा मागितलात. गावची माणसं ज्याला हात लावत नाहीत, त्यात काही तरी असणार. मला वर उत्तर द्यावं लागतं."

धोंडूमामा पुढं झाले आणि मोठ्या जबाबदारीनं म्हणाले, "तसं न्हाय साहेब. त्याच्या आयशीची इच्छा न्हाय धाडायची."

"असं होय?" साहेब म्हणाले. "मग प्रश्नच मिटला. जागा दोन होत्या, एक त्या बंड्याला देतो. दुसऱ्याचं बघू." आणि ते होडीकडं निघाले, कारण रेवदंड्याहून त्यांना शेवटची मोटार गाठायची होती.

मी आनंदाची बातमी म्हणून ती घेऊन आत्याकडं गेलो. ती विहिरीवर होती. म्हटलं, "आत्या, आता निश्चिंत राहा. महादेव कुठं जात नाही. धोंडूमामांनी साहेबांना स्पष्ट सांगितलं, आईची इच्छा नाही म्हणून."

तिनं हातातला दोर सोडला. कळशी आत जाऊन आपटल्याचा आवाज आला.

"कोन म्हनला माजी इच्छा न्हाय?"

"अगं, तूच नाही का गेल्या वर्षी धोंडूमामांवर चिडलीस? त्यांनी मागितला म्हणून—"

"तिसऱ्या फेरीत मागितला म्हनून चिडलू!" ती ओरडली. "तिसऱ्या! लाटन्याच्या मागनं! माजा पोऱ्या काय उरलंसुरलं हाय? मी मान खाली घालून वाट बघतंय, आता म्हनतील, आता म्हनतील पैल्या पाळीला... आनि औंदा तर तुमी झारा घेतलात, मेल्यांनो! त्या साहेबासमोर! मला वाटला, माज्याच डोल्यांना दिसतो त्याचा खेल, बाकी कुनाला न्हाय."

मी काहीतरी बोलणार होतो. आईच्या मनाचा खोल प्रश्न वगैरे. पण ती तोवर कुंपण ओलांडून गेली होती. मीही धावलो. दम कसा आहे, हे त्या दिवशी मला कळलं. आत्याच्या अर्ध्याही वेगानं मला पळता येत नव्हतं.

ओहोटी सरत आली होती. रहिमभाईची होडी चिखलात टेकली होती आणि साहेब बूट हातात घेऊन, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाण्याची वाट बघत उभे होते. आत्या थेट चिखलात उतरली.

"साहेब, माजा पोऱ्या मी मागते."

"बाई, पण तुमची तर इच्छा—"

"त्या तिघांचं ऐकू नका. त्यांची अक्कल माज्या मागनीत बसून गेलीय." मागून येऊन उभे राहिलेले धोंडूमामा खाली बघू लागले. "माजं ऐका. डावा कोपरा. घोटा धरला तर सोडत न्हाय. लहान हुता तवा वासरू धरून वाडीभर फरपटत गेला, गुडघे फुटले, सोडला न्हाय." आणि एवढं बोलून तिनं दोन्ही हातांची बोटं आपल्या कानशिलांवर कडाकडा मोडली. "समोरच्याच्या पायाकडं बगत न्हाय, कमरंकडं बगतो. कंबर खोटं बोलत न्हाय, ह्ये त्याला कुनी शिकवला न्हाय." पुन्हा बोटं मोडली. "चढाईत कच्चा हाय. खोटं कशाला सांगू? उजवीकडनं घाबरतो. त्ये तुमी शिकवा. पन चार मानसं बाद झाली न् एकटा उरला, तरी पाय लटपटत न्हायत त्याचे." बोटं मोडायची आता शिल्लक राहिली नव्हती, तरी ती मोडत राहिली. आवाज येत नव्हता. तिचे डोळे भरले होते आणि ती त्या साहेबांकडं अशी बघत होती, जणू इतकं कौतुक केल्यावर आता आभाळातून काहीतरी पडेल आणि ते आधी तिलाच झेलायचंय.

साहेबांनी हातातले बूट होडीत ठेवले. मग म्हणाले, "खेळ मी बघितलाय बाई. तुम्ही एकट्या आहात असं ऐकलं. पाठवाल का खरंच? तो तिकडं आला आणि आठ दिवसांत परत बोलावलंत तर?"

"धाडीन," आत्या म्हणाली. "रडीन न् धाडीन. त्ये माजं मी बगीन. तुमी खेल बगा."

पाणी भरायला लागलं. होडी हलली. साहेब चढताना एवढंच म्हणाले, "शिमगा झाला की पाठवा."

शिमगा झाला आणि महादेव गेला. आधी बदलीवर, मग कायम. निघताना तो आईच्या पाया पडला तेव्हा ती म्हणाली, "उजवीकडनं घाबरू नको." दुसरं काही म्हणाली नाही. होडी पलीकडं लागेपर्यंत किनाऱ्यावर उभी राहिली आणि मग वाडीत जाऊन शिंपत बसली. त्या संध्याकाळी तिनं वाळलेल्या पोफळींनाही पाणी घातलं, असं धोंडूमामा सांगत. मी पाहिलेलं नाही. दोन दिवस आम्ही कोणीच तिच्याकडं गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच आमच्याकडं निरोप पाठवला: चहा थंड व्हतोय.

पुढच्या वर्षी मागणीचा नियम उलटा झाला. ज्याचा गडी त्यानंच आधी मागायचा आणि का मागतो तेही सांगायचं. याचा परिणाम असा झाला की पडवीत आयांची गर्दी व्हायला लागली. एकेक जण लाजत यायची, पोराचं कौतुक सुरू करायची आणि मग तिला कोणी थांबवू शकत नसे. सगळ्या पडवीभर बोटं मोडल्याचा आवाज. रहिमभाई म्हणायचा, "भाताच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं." आत्या मध्ये बसून ऐकायची आणि अधूनमधून आईला दुरुस्त करायची, "दमानं गो बाय. एवढा बी चांगला न्हाय त्यो."

महादेव वर्षातून एकदा यायचा. मुंबईहून कुणी आलं की ती विचारायची ते त्याच्या खोलीबद्दल किंवा जेवणाबद्दल नव्हे. परवाच्या सामन्यात किती घोटे धरले, एवढंच. उत्तर ऐकताना मात्र ती कामातले हात थांबवायची. एकदा मी मुंबईला जाऊन आलो आणि नुसतंच "बरा आहे" म्हणालो, तर म्हणाली, "बरं तर गाईचं वासरूबी असतं. नीट सांग."

साठ साल उलटल्यावर माझी बदली माणगावकडच्या शाळेत झाली. सासऱ्यांच्या तालुक्यात, म्हणजे राखीव गडी आता थेट सासरच्या मैदानात. निघायच्या दिवशी आत्या होडीपर्यंत आली. एका हातात नारळांची पिशवी, दुसऱ्यात सुक्या बोंबलांची. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या बायकोला कानात काहीतरी सांगितलं, ज्यावर ती हसली आणि आजतागायत काय ते सांगत नाही. त्यानंतर मला आत्या भेटली नाही. तिच्या जाण्याचं कळलं ते पत्रानं.

आम्ही होडीत चढलो. ओल्या वाळूत कोळीवाड्यातली पोरं हुतूतू खेळत होती. एक काटकुळा पोरगा चढाईला गेला होता आणि चौघांच्या अंगावरून निसटत होता. तिथूनच एक बाई डोक्यावर माशांची पाटी घेऊन चालली होती, मान मुद्दाम पलीकडं वळवून. आत्यानं तिला हाक मारली.

"तुजा नं गो त्यो?"

"व्हय."

"मग बगत का न्हायस?"

"दिष्ट लागंल, आत्याबाय. आपल्याच नजरंची लई लागते म्हनत्यात."

"लागू दे. न बगता काय व्हतं त्ये मला इचार." आत्यानं दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरची पाटी उतरवली आणि वाळूत ठेवली. "बस हितं. बाजार काय पळून जातोय?"

रहिमभाईनं वल्हं मारलं. होडी सुटली. मी उभा राहून हात हलवायला लागलो. बराच वेळ हलवला. "आत्या!" म्हणून ओरडलो. बायको म्हणाली, "अहो, बसा. ती बघत नाहीये."

"मास्तर, हात खाली घ्या," रहिमभाई म्हणाला. "होडी कलंडते."

मी बसलो. किनाऱ्यावर त्या दोघी वाळूत मांडी घालून बसल्या होत्या, खांद्याला खांदा लावून. कोळणीनं तोंडावर हात धरला होता, पण डोळे उघडे होते. आत्या हातवारे करून तिला काहीतरी दाखवत होती. मागं पाटीवर कावळे उतरले, एक, मग बरेच. मासे ओढायला लागले. दोघींपैकी एकीनंही मागं वळून पाहिलं नाही.